शेजारच्या खाटेचं पाणी

क्रांतीनं बनुबाईंच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि मग उचलला. ओल्या कणकेत बोट रुतावं तसा कातडीत खड्डा पडला आणि तिथंच राहिला.

"किती खोल गेलं गं?" बनुबाईंनी उशीवरून मान उचलून विचारलं.

"कालच्याएवढंच."

"म्हंजी सूज हाय तिथंच."

"उतरेल आजी. गोळी चालू आहे ना."

"कवा उतरंल? रविवारी वीरधवल यायचाय. डाक्टर म्हनतोय, वजन उतरल्याबिगर सोडत न्हाई. पोरगं राजस्थानातनं रेल्वेत हाडं खिळखिळी करून घेत येनार, आन् दारात त्याच्यावरनं भाकरतुकडा ओवाळायला कोन? आकाराम? त्याला भाकरी थापता येती, पर ओवाळता येत न्हाई."

वीरधवल म्हणजे बनुबाईंचा नातू, फौजेतला. त्याची आई तो पाळण्यात असताना गेली. बाप आकाराम वाळव्याकडच्या गावात ऊस बघतो. घरात बाईमाणूस म्हणून बनुबाईच. भरती होऊन गेल्यापासून वीरधवल जितक्या वेळा सुट्टीवर आला, तितक्या वेळा त्यांनी त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून ठेवलं होतं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून लांब फेकल्यावरच आत घेतलं होतं. या खेपेला आपण खाटेवर आणि पोरगं उंबऱ्यात, हे चित्र त्यांना बघवत नव्हतं. छातीचं दुखणं त्यांना एवढं छळत नव्हतं, जेवढा हा रविवार छळत होता.

"मग पाणी बेतानं प्यायचं," क्रांती म्हणाली. "हा तांब्या दिवसभराचा. याच्यावर एक घोट नाही."

"न्हाई पीत गं बाई. माझ्या तांब्याला इचार."

ते खरं होतं. तांब्यात अजून तळाशी पाणी शिल्लक होतं. क्रांतीनं तो हलवून बघितला आणि शेजारच्या खाटेकडे वळली.

शेजारी प्रभावतीबाई होत्या. सांगलीच्या, हळदीच्या जैन व्यापाऱ्याच्या घरातल्या, गोऱ्यापान आणि बोलायला इतक्या हळू की रक्त काढून घेणाऱ्या माणसालासुद्धा त्या 'दमलास व्हय बाळ?' असं विचारायच्या. लघवीच्या संसर्गानं ताप भरून आल्या होत्या. सलाईन काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता तोंडानं भरपूर पाणी जायला हवं. त्यांची सून कीर्ती रोज दुपारी डबा आणि बाटलीभर घरचं गाळून उकळलेलं पाणी घेऊन यायची. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हे क्रांतीला माहीत होतं. सांगलीत राहून ते कुणाला माहीत नसतं?

"जीभ दाखवा आजी."

प्रभावतीबाईंनी लहान मुलीसारखी जीभ काढली. कोरडी होती, मधे चीर पडलेली.

"एवढं पाणी पिताय, तरी जीभ अशी कशी?"

"वय झालं बाळ," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या खाटेकडे बघायचं त्यांनी टाळलं.

क्रांती मूळची कवठे महांकाळची. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि या बायकांच्या वॉर्डात तिला दोन पेशंट नेमून दिले होते. त्या दोघींचे केअर प्लॅन तिनं लिहायचे, राबवायचे आणि शेवटी सलगर मॅडमनी खाटेपाशी उभं राहून तिची परीक्षा घ्यायची, असा रिवाज. पहिल्याच दिवशी सलगर मॅडमनी सांगितलं होतं, "रोगाचं नाव डॉक्टर सांगतात. आपण सांगायचं की त्या रोगापायी या बाईचं नेमकं काय अडलंय, आणि ते कसं सुटेल." क्रांतीला ते फार आवडलं होतं. तिनं दोन्ही निदानं चटकन लिहून टाकली होती. पुस्तकात ती एकाच पानावर, एकाखाली एक होती. प्रभावतीबाईंच्या अंगात पाणी कमी, बनुबाईंच्या अंगात जास्त. एकीला ठरल्या वेळी ग्लास भरून द्यायचा, दुसरीला तांब्याची सीमा घालायची. इतकं सरळ काम मिळालं म्हणून ती हॉस्टेलवर जाऊन मैत्रिणींना बढाया मारून आली होती.

आता मात्र तिला तोंड लपवायची वेळ आली होती. प्रभावतीबाईंचे ग्लास रिकामे होत होते आणि जीभ कोरडीच. बनुबाईंचा तांब्या उरत होता आणि सकाळचं वजन उतरायच्या ऐवजी थोडं चढलं होतं.

"दोन्ही प्लॅन बरोबर आहेत," त्या दुपारी कागद चाळून सलगर मॅडम म्हणाल्या. त्या बुटक्या होत्या आणि बोलताना चष्मा डोक्यावर चढवायच्या. "आणि दोन्ही पेशंट आहेत तिथंच. असं का होतंय?"

"मी सगळं वेळेवर देते मॅडम."

"देतेस. पिताना बघतेस का?"

"रिकामा ग्लास बघते."

मॅडमनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं क्रांतीला वाटलं.

"आज ग्लास दिलास की तिथंच थांब," त्या एवढंच म्हणाल्या.

हिवाळ्याचे दिवस होते. ऊन लवकर ओसरायचं आणि वॉर्डाच्या पश्चिमेच्या खिडकीतून येणारा पट्टा भिंतीवर चढत चढत पंख्यापाशी जाऊन विझायचा. दिवे लागले. कीर्ती डबा आवरून घरी गेली होती. क्रांतीनं प्रभावतीबाईंच्या हातात ग्लास दिला.

"घ्या आजी. सगळं संपवायचं."

"व्हय बाळ. ठेव, पिते निवांत."

रोज हेच व्हायचं आणि रोज क्रांती पुढच्या खाटेकडे जायची. आज ती गेली, पण दोन खाटा टाकून पडद्याआड थांबली. लपून बघायचं तिला बरं वाटत नव्हतं, पण बघायचं तर होतंच.

प्रभावतीबाईंनी आधी दाराकडे बघितलं. मग उजवा हात दोन खाटांमधल्या फटीतून पुढं केला. बनुबाईंचा हात तिथं आधीच येऊन थांबला होता. ग्लास एका हातातून दुसऱ्या हातात गेला, एक थेंब न सांडता, शेताच्या बांधावरून दोन जावा जेवणाची देवाणघेवाण करतात तसा. बनुबाईंनी मान मागं टाकली आणि घटाघट सगळं पाणी पोटात घातलं. डोळे मिटले. पदरानं ओठ पुसले. मग ग्लासाची कडासुद्धा पदरानं पुसली आणि परत दिला.

क्रांतीला आधी हसू आलं. पुढच्याच क्षणी तो सगळा आठवडा तिच्या डोळ्यांपुढून गेला. तिनं स्वतःच्या हातानं भरून दिलेला संध्याकाळचा प्रत्येक ग्लास त्या थकलेल्या छातीत जाऊन साठत होता. ती पडद्याआडून तरातरा बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

दोघी म्हाताऱ्या दचकल्या. शाळेत चिंचा खाताना सापडलेल्या मुलींची तोंडं होतात तशी दोघींची झाली.

"बनुबाई, तुम्हाला बंदी आहे पाण्याची! किती वेळा सांगितलं?"

"माझ्या तांब्यातलं म्या घोटभर जास्त घेतलं न्हाई," बनुबाई ठासून म्हणाल्या. "शपथ घालून सांगती. ह्ये अक्काचं हाय."

"पोटात गेल्यावर ते कुणाचं असतं?"

बनुबाईंनी प्रभावतीबाईंकडे बघितलं.

"तिला बोलू नको बाळ. चूक माझी हाय," प्रभावतीबाई म्हणाल्या. "मी दिस बुडाल्यावर पाणी घेत न्हाई. लय वर्सं झाली. आमच्या साध्वी माताजींकडनं नियम घेतलाय."

हॉस्टेलवर क्रांतीच्या खोलीत राहणारी ब्राह्मी जैनच होती. तीही रात्री जेवायची नाही, पण उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपायची. त्यामुळे जेवण नाही पण पाणी चालतं, असं क्रांतीनं धरून चाललं होतं. विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. नंतर ब्राह्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी पिते गं. पण आमच्या आजीसमोर पिऊन दाखव एकदा."

"मग मला सांगायचं ना आजी. मी संध्याकाळचे ग्लास दिलेच नसते."

"तू पहिल्या दिवशी म्हणालीस की माझी परीक्षा तुमच्यावर हाय. ग्लास परत दिला असता तर तुझ्या बाईनं तुझेच मार्क कापले असते. पोरीला न्हाई कसं म्हणायचं?"

"मग ओतून टाकायचं."

हे ऐकून प्रभावतीबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की क्रांतीनं जणू कुणाच्या तरी तोंडचा घास ओढायला सांगितला होता.

"चांगलं गाळलेलं, उकळलेलं पाणी ओतू कसं बाळ? आणि शेजारी बाई तहानेनं तळमळतीया. तिला दिलं. तहानलेल्याला पाणी देण्यात कसलं आलंय पाप, असं वाटलं."

"यांच्या हृदयाला जास्तीचं पाणी पेलत नाही आजी. ते पायात उतरतं, छातीत साठतं. म्हणून तर रात्री धाप लागते त्यांना. म्हणून तर वजन उतरत नाही."

प्रभावतीबाईंनी हातातला रिकामा ग्लास मांडीवर ठेवला. त्या बनुबाईंच्या पायांकडे बघत राहिल्या. पाण्यातला न दिसणारा जीव दुखावू नये म्हणून ज्या बाईनं उभा जन्म फडक्यानं पाणी गाळलं होतं, तिनं शेजारणीला रोज संध्याकाळी हातानं दुखणं पाजलं होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या पुसायलाही विसरल्या.

"रविवारी नातू यायचा हाय हिचा," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी ऱ्हायली ही हितं."

"आवं अक्का, रडताय कशापायी?" बनुबाई अंथरुणावर उठून बसल्या आणि त्यांना लगेच धाप लागली. "तुमी दिलं आन् म्या पिलं. मला काय डोळं न्हाईत? नरड्याला अशी कोरड पडती की पानी दिसलं की सुचत न्हाई काय."

क्रांती वॉर्डच्या सिस्टरकडे गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं बनुबाईंची छाती तपासली, गोळी वाढवली आणि जाताना तोंड फिरवून हसला. रविवारचं विचारल्यावर मात्र हसायचा थांबला.

"आजपासून नेमानं राहिल्या तर बघू," तो म्हणाला. "पण हे आता होता कामा नये."

होता कामा नये म्हणणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी क्रांती आली तेव्हा बनुबाई तांब्या पोटाशी धरून बसल्या होत्या आणि तो जवळजवळ रिकामा होता.

"डाक्टरनं आणि तू मिळून मला बांधून घातलंय," त्या म्हणाल्या. "म्हशीला बी कुनी पान्यावरनं असं ओढत न्हाई."

क्रांतीनं पुन्हा सगळं समजावलं. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरायची. लिंबाची फोड चोखायची. बर्फाचा खडा जिभेवर ठेवायचा. बनुबाईंनी सगळं ऐकलं, व्हय व्हय म्हटलं, आणि त्यांचा हात तांब्यावरून काही हलला नाही. बंदीचं पाणी असंच असतं, जितकं कमी दिलं तितकं जास्त आठवतं.

तेवढ्यात शेजारून प्रभावतीबाई म्हणाल्या, "बनुबाई, तुमी नियम घ्या."

"कसला नियम?"

"पाण्याचा. एवढंच घेईन, याच्यावर न्हाई, असं आपलं आपण ठरवायचं. थोड्या दिवसांचा घेता येतो. आमच्यात लहान पोरंसुद्धा घेतात, आज गोड खाणार न्हाई म्हणून."

"आन् डाक्टर सांगतोय त्ये येगळं व्हय?"

"त्यानं सांगितली ती बंदी. ती दुसऱ्याची असती, मोडावीशी वाटती. नियम आपला असतो. तो मोडला तर विचारायला कुणी येत न्हाई, म्हणून मोडवत न्हाई."

बनुबाई विचारात पडल्या. उपासतापास त्यांनी पोतंभर केले होते. संकष्टीला त्या चंद्र दिसेपर्यंत तोंडात काही घालायच्या नाहीत, मग तो ढगाआडून बाहेर येवो की न येवो. उपास आणि डॉक्टरची बंदी या एकाच जातीच्या गोष्टी असतील असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर क्रांतीलाही कुणी सांगितलं नव्हतं.

प्रभावतीबाईंनी कपाटातून आपली छोटी पितळी लोटी काढली. कीर्तीनं ती देवपूजेला म्हणून आणून ठेवली होती.

"ही घ्या. क्रांती सांगंल तितक्या वेळा भरायची. मोठ्या तांब्यात नजर बुडती."

"अक्काची लोटी म्या उष्टी करू?"

"घासून द्या की."

मग प्रभावतीबाईंनी हात जोडून णमोकार मंत्र म्हटला. बनुबाईंना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनीही हात जोडले. मोठ्यानं म्हणाल्या, "वीरधवलला ओवाळीपतूर ह्या लोटीभायेरचं पानी मला इखासारखं." प्रभावतीबाई म्हणाल्या की इख वगैरे म्हणायची गरज नसते, पण बनुबाईंनी ते काही मागं घेतलं नाही.

"आता तुमी बी घ्या," त्या म्हणाल्या.

"मी काय घेऊ?"

"दिस बुडायच्या आत तुमची बाटली रिकामी. माझी कोरड मला कळती, तुमची जीभ म्या रोज बघती की. दिसा का पीत न्हाई तुमी?"

प्रभावतीबाईंनी पदर सारखा केला. क्रांती ऐकत होती. हा प्रश्न तिनंही विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता.

"प्यायलं की सारखं जावं लागतं," प्रभावतीबाई अगदी हळू म्हणाल्या. "दर वेळेला त्या मावशीला हाक मारायची. तिला कामं असतात. मला लाज वाटती."

बनुबाई एवढ्या जोरात हसल्या की समोरच्या खाटेवरची बाई जागी झाली.

"आवं, त्या लघवीच्या गोळीनं माझं काय चाललंय? मी दिसभर तिकडंच तर हाय! तुमी नुसतं उठा, मला हाक बी मारू नका. दोघी मिळून जाऊ. आपली जत्राच की."

त्या दिवसापासून वॉर्डात ती जत्रा निघू लागली. बनुबाई एका हातानं खाट धरत पुढं, प्रभावतीबाई त्यांच्या खांद्याला धरून मागं, आणि त्यांच्या शेजारून पडू नयेत म्हणून क्रांती किंवा मावशी. जाताना बनुबाई माप विचारायच्या. "बाटली कुठपतूर आली?" प्रभावतीबाई बोटानं दाखवायच्या. "आन् लोटी?" बनुबाई छाती काढून सांगायच्या. खोटं बोलायची सोय दोघींनाही राहिली नव्हती, कारण दोघींच्या खाटांत जेमतेम हातभर अंतर होतं. ऊन भिंतीवर चढायला लागलं की बनुबाई खिडकीकडे बघून ओरडायच्या, "अक्का, पंख्यापतूर आलं बरं का!" आणि प्रभावतीबाई शेवटचा ग्लास उचलायच्या. बनुबाई त्यांच्या गळ्याकडे बघत बसायच्या, प्रत्येक घोट खाली जाईपर्यंत. बघताना त्यांची स्वतःची जीभ ओठांवरून फिरायची. तरी त्या हात पुढं करायच्या नाहीत.

क्रांतीनं दोन्ही प्लॅन फाडले आणि नव्यानं लिहिले. प्रभावतीबाईंचं सगळं पाणी उजाडल्यापासून सूर्यास्ताच्या आत बसवलं, दिवसातून किती वेळा उठवायचं तेही लिहिलं. काय करायचं त्या रकान्यात तिनं शेवटी एक ओळ घातली, मग खोडली, मग पुन्हा घातली. सलगर मॅडमनी खाटेपाशी उभं राहून ती वाचली. शेजारच्या पेशंटनं लक्ष ठेवणे, दोन्हीकडून.

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही मॅडम."

"मग याला आधार काय?"

क्रांतीनं दोन्ही खाटांकडे बघितलं. तिथं दोघी म्हाताऱ्या श्वास रोखून ऐकत होत्या. परीक्षा त्यांचीच चालली होती.

"माझं त्या ऐकत नाहीत मॅडम," क्रांती म्हणाली. "एकमेकींचं ऐकतात."

मॅडमनी चष्मा डोक्यावर चढवला. बनुबाईंच्या नडगीवर स्वतःचा अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला, पण बघता बघता भरून आला.

"हं," त्या म्हणाल्या. त्यांनी प्रभावतीबाईंना जीभ दाखवायला सांगितलं. ती ओली होती. "पुढच्या वेळी हे आधी विचारायचं. नंतर पडद्याआड उभं राहून नाही."

"हो मॅडम."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या आणि पुढच्या विद्यार्थिनीकडे वळल्या. बनुबाईंनी पदराआडून प्रभावतीबाईंना चिमटा काढला. क्रांतीला इतका आनंद झाला की औषधांच्या खोलीत जाऊन ती एकटीच थोडा वेळ हसत उभी राहिली.

शनिवारी डॉक्टरनं बनुबाईंना सोडलं. आकाराम जीप घेऊन आला होता. पाणी किती, मीठ किती, पाय पुन्हा सुजले किंवा रात्री धाप लागली तर लगेच कुठं यायचं, हे क्रांतीनं त्याला दोनदा सांगितलं आणि त्याच्याकडून म्हणवून घेतलं. तो बिचारा डोकं हलवत होता. बनुबाई निघाल्या आणि पुन्हा मागं वळल्या. लोटी घासून लख्ख केलेली होती. ती त्यांनी प्रभावतीबाईंपुढं धरली.

"घेऊन जा," प्रभावतीबाई म्हणाल्या. "नियम उद्यापतूर हाय. लोटी नसली तर कशानं मोजशील?"

"मग परत कवा देऊ?"

"मला काय घाई हाय? सांगलीला आलीस की दे."

बनुबाईंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. प्रभावतीबाईंनी पाय मागं ओढले. दोघींचं वय सारखंच होतं.

इंजेक्शनं पूर्ण व्हायची होती म्हणून प्रभावतीबाई अजून काही दिवस राहणार होत्या. रविवारी बनुबाईंच्या खाटेवर नवीन चादर घातलेली होती आणि अजून कुणी आलेलं नव्हतं. दुपारभर प्रभावतीबाई त्या खाटेकडे पाठ करून पडल्या होत्या. क्रांतीनं बाटली बघितली. बरीच उरलेली होती. दुपारची जत्रा मावशीबरोबर एकदाच निघाली होती.

"आजी, आज मागं पडलोय आपण."

"पिते बाळ. ठेव."

ते "ठेव" क्रांतीच्या चांगलंच ओळखीचं होतं. ती गेली नाही, तिथंच स्टूल ओढून बसली. ऊन भिंतीवर चढायला लागलं होतं. तेवढ्यात उशीखालचा फोन वाजला. प्रभावतीबाईंना कमी ऐकू यायचं म्हणून क्रांतीनं तो उचलून स्पीकरवर टाकला.

"अक्का?" पलीकडून बनुबाई ओरडल्या. फोनवर लांबच्या माणसाशी बोलायचं असतं, म्हणून त्या लांब ओरडल्यासारख्याच ओरडत होत्या.

प्रभावतीबाई उठून बसल्या. "आला का गं पोरगा?"

"आला! उंबऱ्याभायेर हुबा केला. बूट बी काडू दिला न्हाई. भाकरतुकडा ओवाळला, माझ्या हातानं, आन् लांब फेकला. त्यो म्हनतोय, आज्जे, तुला तर दवाखान्यात घातली हुती. म्हनलं, आधी आत ये, मग सांगती."

मागं कुणीतरी मोठ्यानं हसल्याचं ऐकू आलं. प्रभावतीबाईंनी डोळे मिटले.

"झालं बघ. संपला तुझा नियम," त्या म्हणाल्या. "आता लोटीनं मोजायचं बंधन न्हाई."

पलीकडं भांडं सरकवल्याचा आवाज आला.

"त्येच सांगायला फोन केलाय. पोरानं येताना गुऱ्हाळावरनं रस आनलाय. थंडगार हाय. आलं, लिंबू पिळलंय. माझ्या म्होरं तांब्या भरून ठेवलाय."

क्रांतीनं तोंड उघडलं. प्रभावतीबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"मग?"

"मग काय. लोटी रोजच्याएवढीच भरली. नियम संपला, पर लोटी ऱ्हायली की पुढ्यात. बघत बसलीया त्या रसाकडं." बनुबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हात आपसूक शेजारी जातोय अक्का. शेजारी कोन न्हाई. कुनाला देऊ?"

प्रभावतीबाईंनी शेजारी बघितलं. रिकाम्या खाटेवरच्या नव्या चादरीला एकही सुरकुती नव्हती.

"पोराला दे," त्या शेवटी म्हणाल्या.

"त्येनं दोन गिलास पिलंत." मग बनुबाईंचा आवाज पुन्हा चढला. "ऱ्हाऊ द्या त्ये. ऊन कुठं आलं तिथं? बाटली किती ऱ्हायली? खरं सांगा."

प्रभावतीबाईंनी क्रांतीकडे बघितलं, मग भिंतीकडे. उन्हाचा पट्टा पंख्याच्या खाली वीतभर होता. त्यांनी ग्लास भरून घेतला. एका हातानं फोन गळ्यापाशी धरला आणि दुसऱ्या हातानं ग्लास तोंडाला लावला. घोट खाली गेला, त्याचा आवाज क्रांतीलासुद्धा ऐकू आला.

"आलं ऐकू," बनुबाई पलीकडून म्हणाल्या. "अजून घ्या."